कॅमेऱ्याने मोजलेले स्त्री-पुरुष

चालीत बिघाड असेल तर आज डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट पेशंटचा व्हिडिओ काढतात आणि तो हळू करून पाहतात. पाऊल कधी टेकले, गुडघा किती वाकला, हे नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. या पद्धतीची मुळे १८८०च्या दशकात, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सापडतात.

एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून उचललेले असतात, हे ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवले होते. १८८४ पासून त्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसांचे फोटो काढायला सुरुवात केली. मागे काळा पडदा, त्यावर दोऱ्यांचे चौकोन आणि पुढे चालणारी, धावणारी, पायऱ्या चढणारी, बऱ्याचदा विवस्त्र माणसे. १८८७ मध्ये हे काम ७८१ मोठ्या चित्रपत्रांच्या रूपात प्रसिद्ध झाले.

पुरुषांचे आणि स्त्रियांचे खंड वेगळे होते. पुरुष कुस्ती खेळतात, मुष्टियुद्ध करतात, विटा रचतात, ऐरणीवर घण मारतात. स्त्रिया झाडतात, पाणी ओततात, अंथरुणात शिरतात, हातात पंखा घेऊन लाजत वळतात. एका खंडात तर स्त्रियांवर पारदर्शक वस्त्रे आहेत. चालण्याच्या अभ्यासाला त्यांची काय गरज होती?

म्हणजे चौकोन सगळ्यांना सारखे होते, पण कोणी काय करायचे ते आधीच ठरलेले होते. अभ्यासकांनी पुढे दाखवले, की काही चित्रमालिकांत मधली चित्रे गाळलेली आहेत, तर काहींत क्रम जुळवून घेतलेला आहे. फोटो आहे म्हणून तो निर्भेळ पुरावा असतोच असे नाही.

वैद्यकाला खरा उपयोग झाला तो त्यांतल्या काही चित्रांचा. फ्रान्सिस डर्कम या मेंदूविकारतज्ज्ञाने मज्जासंस्थेच्या आजारांचे रुग्ण मायब्रिजकडे नेले आणि बिघडलेली चाल टप्प्याटप्प्याने कागदावर आली. मात्र लेखी संमतीचे आजचे नियम तेव्हा नव्हते. आजारी माणूस उघड्या अंगाने कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, तेव्हा त्याला नाही म्हणता येत होते का, हा प्रश्न उरतोच.

स्त्री-पुरुषांच्या शरीरात सरासरी फरक आहेत. स्त्रियांचे कटीर तुलनेने रुंद, तर पुरुषांची उंची आणि पाऊल साधारण मोठे. पण ही सरासरी झाली. कित्येक स्त्रिया कित्येक पुरुषांपेक्षा उंच असतात, लांब टांगा टाकतात. त्यामुळे एखाद्या चित्राशी तुलना करून स्वतःला कमी लेखू नका. तुमची चाल पूर्वीपेक्षा बदलली का, हे पाहा. पाय फरफटत असेल, तोल जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ते अचानक झाले असेल तर लगेच दवाखाना गाठा.

आणि तपासणीत कोणी फोटो किंवा व्हिडिओ काढत असेल, तर तो कशासाठी, कुठे ठेवणार, कोण पाहणार, हे जरूर विचारा. पटले नाही तर नाही म्हणा. त्यामुळे तुमचे उपचार अडता कामा नयेत.