कुत्र्यांचे ड्यूक्लॉ काढणे

ड्यूक्लॉ म्हणजे कुत्र्याच्या पायाच्या आतील बाजूस, इतर बोटांपेक्षा वर असलेले नखयुक्त बोट होय. कुत्रा उभा असताना ते सहसा जमिनीला टेकत नाही. पुढील पायावरील ड्यूक्लॉ मानवी हाताच्या अंगठ्याशी समरचित असते. ते शस्त्रक्रियेने काढण्याची प्रथा अनेक देशांत आहे. मात्र निरोगी ड्यूक्लॉ काढावे की नाही, याबाबत श्वानपालक, प्रजननकार व पशुवैद्यक यांच्यात मतभेद आहेत. पुढील व मागील पायांवरील ड्यूक्लॉच्या रचनेतील फरक या वादात महत्त्वाचा ठरतो.

रचना

बहुतेक कुत्र्यांच्या पुढील प्रत्येक पायाला ५ व मागील प्रत्येक पायाला ४ बोटे, म्हणजे एकूण १८ नखे असतात. पुढील ड्यूक्लॉला दोन पेरी असतात. ते हाडांनी पायाशी जोडलेले असून त्याला स्नायूंच्या कंडरा येऊन मिळतात. मागील पायांवर बहुतेक कुत्र्यांना ड्यूक्लॉ नसते. ते असल्यास पुष्कळदा केवळ त्वचेने जोडलेले व सैल असते. मागील ड्यूक्लॉ आनुवंशिक असून त्याचा संबंध एलएमबीआर१ या जनुकातील बदलांशी आढळला आहे. ग्रेट पिरेनीज, बोसेरॉन व ब्रियार्ड या फ्रान्समधील जातींच्या मानकांत मागील प्रत्येक पायावर दोन ड्यूक्लॉ अपेक्षित असतात.

कार्य

वेगाने धावताना कुत्र्याचे मनगट वाकते व पुढील ड्यूक्लॉ जमिनीला टेकू शकते. वळण घेताना त्याचा आधार मिळतो आणि पायाला बसणारा पीळ कमी होतो, असे मानले जाते. हाड किंवा खेळणे पंजांत धरून चावताना, तसेच घसरड्या काठावरून वर चढताना कुत्री त्याचा वापर करतात. सैल मागील ड्यूक्लॉचा असा उपयोग क्वचितच होतो.

शस्त्रक्रिया

पिले साधारण ३ ते ५ दिवसांची असताना ड्यूक्लॉ कापण्याची रूढी आहे. या वयात अनेकदा भूल दिली जात नाही. तथापि नवजात पिलांनाही वेदना होतात. मोठ्या कुत्र्यात ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, पुष्कळदा निर्बीजीकरणाच्या वेळीच केली जाते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, टाके उसवणे व बराच काळ पट्टी बांधावी लागणे हे तिचे संभाव्य त्रास होत. पिलाच्या पायातील ऊती पूर्णपणे न निघाल्यास वेडेवाकडे नख पुन्हा उगवू शकते.

मतभेद

ड्यूक्लॉ झुडपांत, कुंपणात किंवा कापडात अडकून फाटू शकते, हे ते काढण्याच्या बाजूने दिले जाणारे प्रमुख कारण आहे. शिकारी व कामकरी कुत्र्यांबाबत ते विशेषत्वाने मांडले जाते. प्रदर्शनात पाय सुबक दिसावा, हाही एक हेतू असतो. विरोधकांच्या मते, काही कुत्र्यांना पुढे होऊ शकणाऱ्या इजेसाठी प्रत्येक पिलाचे कार्यक्षम बोट कापणे समर्थनीय नाही. अडथळा शर्यतीतील कुत्र्यांच्या २०१८ साली प्रकाशित झालेल्या एका सर्वेक्षणात, पुढील ड्यूक्लॉ नसलेल्या कुत्र्यांत बोटांच्या दुखापतींची शक्यता अधिक आढळली. मात्र हे सर्वेक्षण मालकांनी दिलेल्या माहितीवर आधारित होते. त्यातून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.

वारंवार फाटणारे, गाठ झालेले किंवा गंभीर संसर्ग झालेले ड्यूक्लॉ काढण्याबाबत फारसा वाद नाही. सैल मागील ड्यूक्लॉचा निर्णय सामान्यतः प्रत्येक कुत्र्याची तपासणी करून घेतला जातो.

कायदे

१९८७ च्या पाळीव प्राण्यांच्या संरक्षणविषयक युरोपीय करारात उपचाराखेरीज अन्य हेतूंनी केलेल्या शस्त्रक्रियांना मनाई आहे. इंग्लंडमध्ये प्राण्यांच्या अवयवछेदनावर सर्वसाधारण बंदी असली, तरी २००७ च्या नियमांनी ड्यूक्लॉ काढण्यास सवलत दिली आहे. डोळे उघडलेल्या कुत्र्यास भूल देणे बंधनकारक आहे. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याचे अवयवछेदन हा गुन्हा आहे. त्या कलमात ड्यूक्लॉचा स्वतंत्र उल्लेख नाही.

निगा

ड्यूक्लॉचे नख चालताना झिजत नाही. ते न कापल्यास गोलाकार वाढून त्वचेत रुतू शकते. नखाच्या आतील रक्तवाहिनीस धक्का न लावता ते नियमित कापल्यास अडकण्याचा धोका कमी होतो व शस्त्रक्रियेची गरज बहुधा उरत नाही.