‘अँग्युलर’ : तपासणी कमी, पान वेगवान
संकेतस्थळावरील शेअरचे भाव आपोआप बदलतात, त्यामागे ‘चेंज डिटेक्शन’ म्हणजे बदल टिपण्याची प्रक्रिया असते. गुगलने २०१६ मध्ये नव्याने सादर केलेल्या ‘अँग्युलर’ या जावास्क्रिप्ट आराखड्याच्या मूळ पद्धतीत प्रत्येक क्लिक, टायमर वा सर्व्हरच्या उत्तरानंतर पानाचे सर्व घटक तपासले जातात. त्यामुळे मोठे पान अडखळते. ‘ऑनपुश’ पर्यायात प्रामुख्याने घटकाला नवे इनपुट मिळाल्यावर किंवा त्यात क्लिकसारखी घटना घडल्यावरच तपासणी होते.

मात्र जुन्याच यादीतला भाव बदलल्यास आराखड्याच्या लेखी यादी तीच राहते आणि गुंतवणूकदाराला शिळा भाव दिसू शकतो. त्यासाठी नवी यादी द्यावी किंवा ‘मार्कफॉरचेक’ने सूचना करावी लागते. २०२३ मध्ये १६ व्या आवृत्तीत दाखल झालेले ‘सिग्नल्स’ कोणते मूल्य बदलले, हे आराखड्याला नेमके कळवितात.