तळटीप : बालाघाटच्या शाळांतला आदिवासी पट

* ‘आदिवासी विद्यार्थ्यांचा टक्का’ : मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेबावीस टक्के. ते सगळीकडे सारखे पसरलेले नाही. वैनगंगेकाठच्या भातपट्ट्यात ते कमी. बैहर, बिरसा, परसवाडा या डोंगराळ भागात भरपूर. त्यामुळे बालाघाट शहरातल्या सरकारी शाळेचा पट जिल्ह्याच्या सरासरीशी ताडून पाहणे फसवे ठरते.

शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि प्रवर्ग येतो. ‘अनुसूचित जमाती’ या प्रवर्गाच्या एकाच आकड्यात गोंडही येतात आणि बैगाही. बैगा ही विशेष मागास जमात. तिची मुले दहावीपर्यंत किती टिकली, हे त्या बेरजेत दिसतच नाही.

टक्का वाढला म्हणजे मुले वाढलीच, असेही नाही. ऐपतीची घरे खासगी शाळांकडे वळली, की उरलेल्या आदिवासी मुलांचा टक्का आपोआप चढतो.

खरी गळती आठवीनंतरची. 2009 चा शिक्षणहक्क कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतच हमी देतो. पुढे माध्यमिक शाळा लांब आणि वसतिगृहातली जागा मिळेलच असे नाही. म्हणून वाचकांनी टक्केवारीआधी नववीतल्या मुलामुलींची प्रत्यक्ष संख्या पाहावी, आणि तीही जमातवार मागावी.