शहरातील लहान कला महाविद्यालयाचे मूल्यमापन : फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आरंभकाळाच्या आधारे (१८८५ ते १९२४)

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने उच्च शिक्षण संस्थांपुढे दोन उद्दिष्टे एकाच वेळी ठेवली आहेत. २०४० पर्यंत प्रत्येक संस्था बहुविद्याशाखीय व्हावी आणि तिची विद्यार्थिसंख्या शक्यतो हजारांत असावी, अशी ही अपेक्षा आहे. शहराच्या जुन्या वस्तीत, अपुऱ्या जागेत आणि मोजक्या शिक्षकांवर चालणारे लहान कला महाविद्यालय यापैकी पहिल्या उद्दिष्टाशी जवळचे नाते सांगते. दुसऱ्या उद्दिष्टाच्या कसोटीवर मात्र ते अपुरे ठरते. अशा महाविद्यालयाचे मोल ठरवावयाचे असेल तर नेमके काय पाहावे, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. विद्यार्थी व पालक प्रवेशाच्या वेळी, तरुण प्राध्यापक नोकरी पत्करताना आणि व्यवस्थापन विलीनीकरणाचा विचार करताना याच प्रश्नापाशी येतात.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या पहिल्या चार दशकांच्या आधारे केला आहे. आजचे फर्ग्युसन लहान नाही. परंतु १८८५ मध्ये ते लहानच होते, आणि त्या काळातील त्याचे यश व त्याच्या मर्यादा आजच्या लहान महाविद्यालयांना बरेच काही शिकवू शकतात.

संकल्पना व पार्श्वभूमी

युरोपात मध्ययुगापासून व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, खगोल व संगीत या सात विद्यांना उदार विद्या मानले जाई. स्वतंत्र नागरिकाला शोभणारी, एका व्यवसायापुरती मर्यादित नसलेली विद्या, असा तिचा अर्थ होता. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने भाषा, इतिहास, तर्कशास्त्र, गणित आदी विषयांच्या रूपाने हीच परंपरा आपल्याकडे आणली. मात्र हे विद्यापीठ प्रामुख्याने परीक्षा घेणारे होते. अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका विद्यापीठाच्या हाती असल्यामुळे महाविद्यालयाला स्वतःचे असे वेगळेपण शिक्षक व त्यांचे आचरण यांतूनच दाखविता येत असे.

पुण्यात त्या वेळी डेक्कन कॉलेज हे सरकारी महाविद्यालय होते. १८६८ मध्ये ते नदीपलीकडे येरवड्याला गेले. टिळक व आगरकर या दोघांचे शिक्षण तेथेच झाले. सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा असताना तो सोडून त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकर व माधवराव नामजोशी यांच्यासह १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. १८८२ च्या शिक्षण आयोगाने, म्हणजेच हंटर आयोगाने, उच्च शिक्षणातील खाजगी प्रयत्नांना उत्तेजन देण्याचे धोरण सुचविले. त्याच वर्षी चिपळूणकरांचे निधन झाले, तरी काम थांबले नाही. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव त्यास दिले गेले. महाविद्यालयाचा प्रारंभ शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात झाला.

शिकविणाऱ्यांचीच सत्ता

फर्ग्युसनचे खरे वैशिष्ट्य आजीव सदस्यत्वाच्या पद्धतीत होते. सदस्याने वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याची प्रतिज्ञा करावयाची आणि दरमहा सुमारे ७५ रुपयांच्या वेतनावर काम करावयाचे, अशी ही व्यवस्था होती. सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या पगारापुढे ही रक्कम अल्प होती. परंतु या त्यागाच्या मोबदल्यात सदस्यास एक अधिकार मिळत असे : जे शिकवीत तेच संस्थेचा दैनंदिन कारभार पाहत. नेमणुका, विषयांची वाटणी, निधी व शिस्त यांविषयीचे निर्णय वर्गावर जाणारी माणसे एकत्र बसून घेत. गोपाळ कृष्ण गोखले १८८६ मध्ये आजीव सदस्य झाले. पुढे १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन करताना अल्प निर्वाहवेतनावर आजन्म सेवेचे जे तत्त्व त्यांनी स्वीकारले, त्याची पूर्वपीठिका येथे दिसते.

या पद्धतीमुळे लहान संस्थेलाही बौद्धिक व्याप्ती लाभली. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे रूपांतर केले, मराठी वाक्यरचनेवर ग्रंथ लिहिला आणि १८८८ पासून ‘सुधारक’ चालविला. कोश, नाटक, व्याकरण, वृत्तपत्र व सामाजिक वाद हे सारे एकाच महाविद्यालयाच्या शिक्षकवर्गात एकत्र नांदत होते. पुढे १९१२ ते १९१८ या काळात धर्मानंद कोसंबी यांनी येथे पालीचे अध्यापन केले. बहुविद्याशाखीयता श्रेयांकांच्या तक्त्यात येण्यापूर्वी ती शिक्षकांच्या खोलीत असावी लागते, हे यावरून ध्यानात येते.

लहानपणाची किंमत

तथापि या चित्राची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. सदस्याने बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही, वेतनात वाढ व्हावी की नाही, सार्वजनिक कामास किती वेळ द्यावा, यांवरून सदस्यांत तीव्र मतभेद झाले. सदस्याची सारी शक्ती संस्थेसाठीच असावी, असा टिळकांचा आग्रह होता. संसाराची जबाबदारी असलेल्या सहकाऱ्यांना तो अव्यवहार्य वाटे. सामाजिक सुधारणेवरील वादाने ही दरी आणखी रुंदावली आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्यामुळे गणिताच्या अध्यापनात जी उणीव निर्माण झाली ती भरून काढण्यासाठी १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांना मुंबईहून बोलावण्यात आले. मोठ्या संस्थेत एका प्राध्यापकाचे जाणे ही प्रशासकीय बाब असते. लहान संस्थेत त्याने एक विषयच उघडा पडतो.

त्यानंतरची वर्षे याहून कठीण होती. १८९२ मध्ये आपटे वयाच्या चौतिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या जागी आलेले आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीही गाठण्यापूर्वी, दम्याने जर्जर होऊन गेले. तीन वर्षांत दोन प्राचार्य गमावूनही महाविद्यालय टिकले, कारण कारभाराची जाण एका व्यक्तीपुरती राहिलेली नव्हती. १९०२ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्राचार्य झाले. ते याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होते, आणि १८९९ मध्ये केंब्रिजमध्ये ‘सीनिअर रँग्लर’ हा बहुमान मिळवूनही आजीव सदस्य म्हणून परतले होते. काही खंड वगळता ते १९२४ पर्यंत त्या पदावर राहिले. आपला उत्तराधिकारी आपल्याच वर्गातून घडविणे हे या व्यवस्थेचे मोठे यश मानावे लागेल.

शहर आणि महाविद्यालय

शहरात असणे म्हणजे केवळ पत्ता शहरातला असणे नव्हे. पेठांतील वृत्तपत्रे, सभा व वादविवाद यांच्याशी फर्ग्युसनचे शिक्षक प्रारंभापासून जोडलेले होते. १८९५ मध्ये महाविद्यालय भांबुर्ड्याच्या मोकळ्या माळावर नव्या इमारतीत गेले, तरी हा संबंध तुटला नाही. कर्वे यांनी महाविद्यालयात गणित शिकवीत असतानाच १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुढे १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठही उभे केले.

या निकटतेचे ताणही होते. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा तीत पुढाकार घेणारे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड झाला व वसतिगृह सोडावे लागले. प्राचार्यपदी परांजप्यांसारखा उदारमतवादी असतानाही हे घडले, याची नोंद घेतली पाहिजे. गव्हर्नराचे नाव, संस्थानिकांच्या देणग्या व सरकारचे साहाय्य यांवर उभी असलेली संस्था किती मोकळी राहू शकते, हा प्रश्न तेव्हाही होता.

दाराबाहेर कोण राहिले?

संस्थापकांचा त्याग निर्विवाद असला तरी त्याचा लाभ कोणास झाला, हेही पाहावयास हवे. आरंभीचे शिक्षक व विद्यार्थी मुख्यतः ब्राह्मण समाजातील पुरुष होते. १८८२ मध्ये याच हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर करून सरकारचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो व बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, याकडे लक्ष वेधले होते. एकाच शहरातून, एकाच आयोगाच्या काळात निघालेले हे दोन विचार आपण सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो. ते शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. लहान संस्थेतील आपुलकी पुष्कळदा समान सामाजिक पार्श्वभूमीतून आलेली असते. ती दार उघडल्यानंतरही टिकते का, हीच तिची खरी परीक्षा होय.

समारोप

वरील विवेचनावरून शहरातील लहान कला महाविद्यालय पारखताना विचारावयाचे चार प्रश्न हाती येतात. शैक्षणिक निर्णय कोण घेते आणि त्यांत वर्गावर जाणाऱ्यांचा वाटा किती? एक शिक्षक गेल्यास विषय टिकेल काय? शहराशी असलेला संबंध अध्यापनात उतरतो काय? आणि कोणते विद्यार्थी येथवर पोहोचत नाहीत?

यांपैकी पहिला प्रश्न आज सर्वाधिक तातडीचा आहे. अनुदानित पदे रिक्त असताना महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षक वाहत आहेत. त्यांना उद्देशून संस्थापकांच्या त्यागाचे दाखले दिले जातात, तेव्हा एक मूलभूत फरक नजरेआड होतो. आजीव सदस्याने अल्प वेतन स्वतः पत्करले होते. त्यास वीस वर्षांची शाश्वती आणि कारभारात मत होते. तासिका तत्त्वावरील शिक्षकाच्या वाट्यास अल्प वेतन तेवढे आले. शाश्वती आली नाही आणि मतही नाही. शिक्षकांच्या ज्या सामुदायिक स्वामित्वाने फर्ग्युसन उभे राहिले, ते वगळून केवळ काटकसरीचा वारसा सांगणे इतिहासाला धरून होणार नाही. विद्यार्थिसंख्या हजारांत नसलेले महाविद्यालय आपल्या अस्तित्वाचे समर्थन करू शकेल. पण त्यासाठी त्याच्या कारभाराच्या मेजाभोवती प्रत्यक्ष शिकविणारी माणसे बसलेली असावी लागतील.