आतली खाकी

नाइट शिफ्टला मी ऑफिसात गोधडी नेतो. महाप्याला, आयटीवाल्यांच्या एसीत. आधी सगळे हसले, आता मागून नेतात.

गोधडी आजीची. वरून तिची नऊवारी, आत आजोबांचे गिरणीतले खाकी सदरे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. आजोबा पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. कापडाच्या गिरणीतल्या माणसाच्या घरात नवं कापड येणं थांबलं आणि आजीने सदरे उसवले.

गोधड्यांबद्दल शोधताना मिझूरी पेटवे सापडली. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडची कृष्णवर्णीय बाई. पूर्वी तिथल्या कापसाच्या मळ्यावर गुलाम राबत, गावातले बहुतेक लोक त्यांचेच वंशज. १९४२ मध्ये नवरा वारल्यावर तिने त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. (आमची कपाटावर असायची.)

इतकं लांब जायलाही नको. उत्तर कन्नडात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी राहतात, आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज. काहींचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातल्या गुलामीतून जंगलात पळालेले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात, धावदोऱ्याने, कडेकडून मध्याकडे. आजीचाही धावदोराच, पण ओळी सरळ.

गेल्या महिन्यात वरचं लुगडं एका कोपऱ्यात विरलं, आतली खाकी दिसायला लागली. मी सुईदोरा शोधत होतो. बाबांनी त्या जागेवरून हात फिरवला.

"राहू दे," म्हणाले, "नको झाकू."