लॉजचं दार: गवंड्यांच्या खोपीपासून मुंबईपर्यंत

'लॉज' म्हटलं की आपल्याला एसटी स्टँडजवळचं बोर्डिंग-लॉजिंग आठवतं. आज आपण बोलणार आहोत ते लॉज निराळं, फ्रीमेसन लोकांचं.

मध्ययुगात ब्रिटनमध्ये एखादं कॅथेड्रल उभं राहायला पिढ्या लागत. बांधकामाशेजारी गवंड्यांची खोप असे. तिथं दगड घडवायचे, हत्यारं ठेवायची, भाकरतुकडा खायचा. त्या खोपीला लॉज म्हणत. 1598 साली स्कॉटलंडच्या राजाचा बांधकामप्रमुख विल्यम शॉ याने या लॉजसाठी लेखी नियम घालून दिले: उमेदवारी कशी करावी, उस्ताद कोणाला म्हणावं, वगैरे.

पुढे गंमत झाली. ज्यांनी कधी दगडाला छिन्नी लावली नव्हती असे लोक लॉजमध्ये येऊ लागले. 1646 मध्ये इलायस ॲशमोल हा पुराणवस्तूंचा अभ्यासक असाच सभासद झाला. मग परंपरेप्रमाणे 24 जून 1717 रोजी लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात चार लॉज एकत्र आली आणि ग्रँड लॉज स्थापन झालं. 1723 मध्ये त्याचा नियमग्रंथ छापला गेला.

आता हत्यारांना दुसरा अर्थ आला. गुण्या म्हणजे सचोटी, पाणसळ म्हणजे समता, ओळंबा म्हणजे सरळ वागणूक. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही, असाही दंडक होता. हे का, ते सहज कळेल. धर्मावरून आणि राजसत्तेवरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली, ते शतक नुकतंच सरलं होतं. निदान एका खोलीत तरी सगळ्यांना शेजारी बसता यावं, हा त्यामागचा हेतू.

त्या खोलीत शिरायचं कसं? ईश्वरावर श्रद्धा हवी, जुन्या सभासदांची शिफारस हवी. मग पांढऱ्या-काळ्या गोट्यांनी गुप्त मतदान. एखाददुसरी काळी गोटी पडली तरी अर्ज फेटाळला जाई. निवड झाली की अंगावरचे पैसे-दागिने बाहेर ठेवायचे, डोळ्यांवर पट्टी बांधायची, दार ठोठावायचं आणि धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. आत राजा आणि व्यापारी दोघंही 'बंधू'.

पण मंडळी, खरी परीक्षा दारावरच होती. अठराव्या शतकात कंपनीच्या गोऱ्या अंमलदारांबरोबर लॉज हिंदुस्थानात आली. मुंबईतल्या माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी सभासद होण्याची इच्छा धरली. इथल्या युरोपियनांच्या लॉजने नकार दिला. इंग्लंडमध्येही काम झालं नाही. अखेर त्यांना दीक्षा मिळाली ती पॅरिसमध्ये! बंधुत्वाचा नियम छापून शंभरावर वर्षं झाली होती, तरी मुंबईच्या माणसाला त्यासाठी फ्रान्स गाठावं लागलं.

मग डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश अधिकाऱ्याने वेगळी वाट काढली. 1843 मध्ये त्यांनी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं, मुद्दाम हिंदी लोकांना घेता यावं म्हणून. हिंदूंचा प्रश्न मात्र रेंगाळला. त्यांचे देव अनेक, त्यात जातिभेद, मग ते बंधू कसे होणार, असा आक्षेप होता. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त 1863 पासून झगडले, तेव्हा 1872 मध्ये आत गेले. जातिभेदाचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, हे आपणही कबूल करायला हवं. फक्त तो घेणाऱ्यांनी आपल्या क्लबांच्या दारावरची पाटी वाचली नव्हती.

आणखी एक दार राहिलंच. 1723 च्या नियमांतच स्त्रियांना मनाई होती. त्याच माणकजींनी 1863 मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. दाराबाहेर उभं राहणं काय असतं, ते त्यांना ठाऊक होतं.

फोर्टमध्ये, सीएसएमटीपासून हाकेच्या अंतरावर फ्रीमेसन्स हॉल आजही उभा आहे. तिथून जाताना आत कोणतं रहस्य असेल, असं आपल्याला वाटतं. आपण त्याबरोबर दुसरंही विचारूया: आत कोणाला घेतलं, आणि कधी?