जाताना भेटी, येताना मुलं

काही वर्षांपूर्वी कोल्हापूरजवळच्या एका वाचनालयात मी वळिवड्याच्या पोलिश छावणीवर बोललो. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांना कोल्हापूरच्या महाराजांनी आसरा दिला आणि त्यांचा सगळा खर्च उचलला, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तीच रंगवून सांगितली. टाळ्याही मिळाल्या. मग मागच्या बाकावरून एक निवृत्त शिक्षक उठले. म्हणाले, "त्रेचाळीस साली गादीवर कोण होतं, तेवढं सांगा की."

मला सांगता आलं नाही. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं. राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरमध्ये वारले होते. १९४२ च्या अखेरीस दत्तक घेऊन गादीवर बसवलेले सहावे शिवाजी महाराज छावणी सुरू झाली तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते. कारभार त्यांच्या नावानं दुसरेच पाहत होते. हजारो परक्या मुलांना जागा देणाऱ्या संस्थानचा राजा स्वतःच पाळण्यातून नुकता उतरलेला. पुढे १९४६ मध्ये, पाच वर्षांचा होण्याआधीच, तो बालराजा गेला.

त्या एका प्रश्नामुळे मी हा विषय पहिल्यापासून वाचायला घेतला. या मुलांना कुणी काय दिलं, हे नीट सांगता आलं पाहिजे असं वाटू लागलं.

सुरुवात कोल्हापुरात नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनं आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजांनी चाल केली. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेण्यात आली. जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला, पोलंडचं लंडनमधलं परागंदा सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. सुटका म्हणजे काय, तर चालते व्हा. माणसं दक्षिणेकडे, उबेच्या दिशेनं निघाली. उपासमार आणि टायफसनं आईबाप दगावले, मुलं अनाथाश्रमांत साठत गेली.

इथे मुंबई या गोष्टीत येते. तिथे पोलंडचे कॉन्सल जनरल होते यूजेनियुश बानाशिन्स्की. त्यांच्या पत्नी किरा पोलिश रेडक्रॉसचं काम पाहत. हिंदुस्थानातून मदतीचं सामान जमवून ट्रकांनी सोव्हिएत हद्दीतल्या पोलिश लोकांपर्यंत पोचवायचं, अशी योजना झाली. ट्रक इराणमधून अश्गाबादपर्यंत गेले. सामान उतरलं. रिकामे परतायचे त्याऐवजी येताना त्यांनी अनाथ मुलं आणली. मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा वाळवंटाचा आणि डोंगरांचा रस्ता. सोबत हांका ओर्डोनुव्हना होती. युद्धापूर्वी वॉर्सा गाजवलेली ही गायिका-अभिनेत्री सोव्हिएत श्रमछावणीतून सुटून आलेली होती. या भटक्या मुलांवर तिनं पुढे पुस्तकही लिहिलं. १९४२ च्या वसंतात मुलं मुंबईत पोचली आणि काही काळ वांद्र्याला राहिली.

मदत गोळा करणारा माणूस ब्लँकेटं मोजतो, औषधांच्या पेट्या मोजतो. ट्रक सुटला की आपलं काम संपलं असं त्याला वाटतं. इथे ट्रक परत आला, तोही माणसांनी भरून. आता त्या मुलांना रोज जेवायला लागणार होतं, जोडे लागणार होते. दिलेल्या भेटीतून एवढी जबाबदारी उभी राहिल्याचं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

ही जबाबदारी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी घेतली. जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी इथे १९४२ मध्ये मुलांसाठी छावणी उभी राहिली. तिचा खर्च मुख्यतः संस्थानिकांच्या आणि इतर दात्यांच्या देणग्यांतून चालला. वॉर्सातल्या एका शाळेला आज जामसाहेबांचं नाव आहे.

वळिवड्याचा हिशेब वेगळा होता, आणि माझी चूक नेमकी इथेच होती. जून १९४३ मध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, इराण आणि कराचीमार्गे पहिली तुकडी इथे उतरली. हळूहळू संख्या पाच हजारांच्या घरात गेली. त्यात बहुतेक बायका आणि मुलं, कारण पुरुष फौजेत होते किंवा बेपत्ता. जागा कोल्हापूर संस्थानातली, पण खर्च लंडनच्या पोलिश सरकारचा. ते सरकार ब्रिटिशांच्या कर्जावर चालत होतं, म्हणजे या लोकांचा देशच उधार घेऊन त्यांना पोसत होता. कौलारू छपरं आणि बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती असलेल्या लांब बराकी. एका कुटुंबाला खोली आणि पुढे छोटा व्हरांडा. चर्च, दवाखाना, थिएटर. आणि शाळा.

माझ्या मते छावणीचा जीव या शाळांत होता. बालवाडी, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, त्यापुढचे वर्गही. मुलांची दोन-दोन वर्षं लाकूडतोडीत आणि पावाच्या रांगेत गेलेली, त्यामुळे वय एक आणि इयत्ता दुसरी. पुरुष शिक्षक थोडे. पोलंडच्या राखीव अधिकाऱ्यांत शिक्षक बरेच होते आणि त्यांतले कितीतरी १९४० मध्ये कातिनच्या जंगलात मारले गेले. त्या कैद्यांतून वाचलेला एक तरुण अधिकारी, झ्जिस्वाव पेश्कोव्स्की, वळिवड्यात बालवीरांची पथकं बांधायला आला. पुढे तो धर्मगुरू झाला. वर्ग मात्र मुख्यतः बायकांनी चालवले. पोलिश पाठ्यपुस्तकांची छपाई जेरुसलेममध्ये होई. मुंबईहून पोलिश नियतकालिक निघे. घर नाही, बाप नाही, पण वेळापत्रक आहे, पाढे आहेत, सणाला नाटक आहे. ही भेट बाहेरून आलेली नव्हती. तिथल्या बायकांनी आपल्या पोरांना दिलेली होती.

मग १९४५ उजाडलं. याल्टाच्या बैठकीत यातल्या बहुतेक मुलांची गावं सोव्हिएत संघाकडे गेली. जुलैमध्ये ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्याच्या वर्गात टांगलेल्या नकाशावरचा देश आता जगात उरला नव्हता. युद्ध संपलं म्हणून इतरत्र मुलं घरी चालली होती. या मुलांना घरी जा म्हणण्यात अर्थ नव्हता. तरी शाळा चालू राहिल्या. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलं वळिवड्यालाच आली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला, थोडे पोलंडला. म्हातारपणी याच विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन आपल्या हिंदुस्थानातल्या वर्षांचा जाडजूड इतिहास लिहिला. तट्ट्यांच्या भिंतीआड शिकवलेलं वाया गेलं नाही, याचा मला दुसरा पुरावा नको.

मग कोल्हापूरनं काय दिलं? जागा दिली. बाजार दिला. दूधवाले, भाजीवाले मोडक्या पोलिशमध्ये भाव सांगू लागले, असं आमच्या भागात अजून सांगतात. खर्च उचलला नाही म्हणून हे हलकं ठरत नाही. पण नसलेलं दान आपल्या नावावर लावलं की असलेलं शेजारपण झाकलं जातं, हे मला उशिरा कळलं.

हे सगळं घेऊन मी त्या गुरुजींकडे गेलो. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी बाबाबरोबर छावणीवर दूध घालायला जायचो. शाळेची घंटा झाली की पोरं पळत सुटायची. बाबा म्हणायचा, बघ, घरदार गेलेली पोरं शाळा चुकवत न्हाईत, आन् तुला काय धाड भरलीया?" मग हसले. "माझ्या बाबानं फुकट घेतलेली तेवढीच एक वस्तू."

छावणीच्या जागी आज गांधीनगर आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथेच वसवलं. त्यांनी कापडाची मोठी बाजारपेठ उभी केली, आणि दिवाळीत आसपासच्या गावांतली माणसं मुलांना कपडे घ्यायला तिथे येतात. गेल्या दिवाळीत मीही गेलो होतो. गर्दीत उभं राहून शाळा नेमकी कुठे असेल याचा अंदाज घेत होतो. दुकानदारानं विचारलं, "काय दाखवू?" मी म्हटलं, "लहान मुलाचं काहीतरी."